दातांच्या सफाईनंतर सिरॅमिक कॅप खरखरीत झाली आहे. मदत हवी आहे

कुळागर_फोंडा: नमस्कार. मागच्या आठवड्यात येथील एका दवाखान्यात दातांची सफाई करून घेतली. तेव्हापासून वरच्या पुढच्या दातावरील सिरॅमिक कॅपची चकाकी गेली आहे, हिरडीलगत जीभ फिरवल्यावर खरखर जाणवते आणि हुमण (हळद घातलेली माशांची आमटी) जेवल्यावर नेमकी त्याच कडेला पिवळट छटा उरते. डॉक्टर म्हणतात की कॅप जुनी झाली, ती बदलावी लागेल. सफाईने सिरॅमिक बिघडते, की ते वयानुसार झिजतेच? चतुर्थी तोंडावर आली आहे, कृपया लवकर सांगावे.

म्हादई: कॅप झिरकोनियाची (अतिशय मजबूत सिरॅमिकची) आहे, लिथियम डायसिलिकेटची (काचयुक्त सिरॅमिकची), की आत धातू आणि वर पोर्सेलिन? ती बसवून किती वर्षे झाली आणि सफाई कशाने केली? हे कळल्याशिवाय उत्तर देणे कठीण आहे.

पणजीकर: माझे ऐका, बदलायचीच आहे तर झिरकोनिया बसवा. माझ्या दाढेवर अनेक वर्षे आहे. तिला सफाईने वा वयाने काहीही होत नाही.

कुळागर_फोंडा: कॅप बसवून बारा-तेरा वर्षे झाली. कार्डावर लिथियम डायसिलिकेट लिहिले आहे. सफाई पाणी उडवणाऱ्या, कंप पावणाऱ्या यंत्राने झाली आणि नंतर खारट पावडरीचा फवारा मारला. बदलू की नको, एवढेच सांगा.

दंतवैद्य_निवृत्त: ताई, आधी कॅप तपासून घ्या, लगेच काढू नका. सिरॅमिकवरचा ग्लेझचा, म्हणजे चकाकी देणारा थर अतिशय पातळ असतो. त्या कंप पावणाऱ्या (अल्ट्रासॉनिक) यंत्राचे धातूचे टोक कॅपच्या कडेवरून फिरले, तर तो थर ओरखडतो आणि क्वचित बारीक टवकाही उडतो. खारट पावडर बहुधा सोडियम बायकार्बोनेटची असावी. तिच्यापेक्षा ग्लायसिन किंवा एरिथ्रिटॉलची पावडर सौम्य असते. पृष्ठभागाचा खडबडीतपणा सुमारे ०.२ मायक्रोमीटरच्या पुढे गेला की तेथे कीटण अधिक साचू लागते, म्हणून हिरडीसाठीही ही खरखर घालवणे आवश्यक आहे. हळद सिरॅमिकमध्ये मुरत नाही. पिवळेपणा बहुधा कडेला उघड्या पडलेल्या रेझिन सिमेंटने (कॅप चिकटवण्याच्या पदार्थाने) किंवा ओरखड्यांत अडकलेल्या थराने धरला आहे.

पणजीकर, झिरकोनियाही वयातीत नाही. ओलाव्यात त्याच्या पृष्ठभागावरील कणांची स्फटिकरचना बदलते, कण फुगतात आणि सूक्ष्म चिरा पडू शकतात. २००१ मध्ये निर्मितीप्रक्रियेतील बदलानंतर झिरकोनियाचे, कृत्रिम खुब्याच्या सांध्यातील काही गोळे रुग्णांच्या शरीरात फुटल्याचे उघड झाले होते.

पणजीकर: खुबा आणि दाढ एकच नव्हे. दाताच्या झिरकोनियाबाबत तसे घडल्याचे आपण दाखवावे, उगाच भीती घालू नये.

दंतवैद्य_निवृत्त: दातांमध्ये असे तुटणे सहसा दिसत नाही, हे मान्य. माझे म्हणणे एवढेच की ‘काहीही होत नाही’ असे सांगून ताईंची चांगली कॅप काढायला लावू नये.

सातेरी: ब्लीचिंग करून पाहिले का? माझे दात पुष्कळ उजळले.

म्हादई: ब्लीचिंगने सिरॅमिकचा रंग बदलत नाही. उलट शेजारचे दात पांढरे होतील आणि कॅप अधिक पिवळी भासेल. ताई, सफाईनंतर फ्लोराइड लावले होते का?

कुळागर_फोंडा: होय, ट्रेमध्ये एक आंबट जेल भरून काही मिनिटे तोंडात ठेवले होते. ते सगळ्यांनाच लावतात, म्हणून लिहिले नव्हते.

दंतवैद्य_निवृत्त: हीच महत्त्वाची माहिती राहिली होती. ते जेल १.२३ टक्क्यांचे आम्लीय फॉस्फेट फ्लोराइड असेल, तर ते काचयुक्त सिरॅमिक कोरते. लिथियम डायसिलिकेट त्याच गटातले आहे. सगळी कॅप निस्तेज होण्याचे कारण बहुधा जेल आणि कडेच्या खरखरीचे कारण यंत्राचे टोक असावे. यापुढे उदासीन (आम्ल नसलेले) सोडियम फ्लोराइड मागा आणि कॅप कशाची आहे ते सफाईआधी सांगा. बांबोळीच्या गोवा दंत महाविद्यालयात किंवा अन्य प्रोस्थोडॉन्टिस्टकडे (कॅप व कृत्रिम दातांच्या तज्ज्ञाकडे) दुसरे मत घ्या. तडा, मोठा टवका, खालची कीड किंवा कडेची फट आढळली नाही, तर हिरेयुक्त रबर टोकांनी आणि डायमंड पेस्टने तोंडातच पॉलिश करता येते.

कुळागर_फोंडा: उद्याच कार्ड घेऊन बांबोळीला जाते. तडा आहे की नाही, हे एक्स-रेमध्ये कळते का?

दंतवैद्य_निवृत्त: सिरॅमिकमधील बारीक तडा एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही. दाताच्या मागून प्रकाश टाकून तो शोधावा लागतो; तशी तपासणी करण्यास आवर्जून सांगा.