आठवडाभर उचगाव-उद्यमबाग डांबर, रविवारी जांबोटीकडचे तांबडे रस्ते: एकाच सायकलीत कसं बसवायचं?

उचगावकर

नमस्कार मंडळी. मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपला कामाला आहे. सहा दिवस उचगाव, सुळगा, हिंडलगा, कॅम्प करत सायकलनंच जातो-येतो, सगळा डांबरी रस्ता. रविवारी मात्र डांबरावर राहायचं नाही असं ठरवलंय. राकसकोपच्या बाजूचे शेतातले रस्ते, राजहंसगड, किणयेवरून जांबोटी आणि तिथून आत जातील ते तांबडे रस्ते. हिवाळ्यात खानापूर-नंदगड-हलशी करायचं मनात आहे.

सध्या साधी हायब्रिड आहे. पुढं सस्पेन्शन, ७०० बाय ३५ चे टायर, डिस्क ब्रेक पण केबलवाले. डांबरावर बरी चालते. सुट्या खडीवर मागचं चाक घसरतंय, आणि उताराला पुढचा ब्रेक धरायला हात धजत नाही. बजेट साठ हजार. एका दुकानात वाकड्या हँडलची ग्रॅव्हल (खडीच्या रस्त्याची सायकल) दाखवली, दुसरीकडं म्हणाले एमटीबी, म्हणजे डोंगरी सायकलच घ्या. घरात दोन सायकली ठेवायला जागा नाही. उंची पाच फूट सात, वजन ७८. कुठली घेऊ? आणि घेतल्यावर टायर, हवा, गिअर कसे ठेवू?

जांबोटीचा मास्तर

उचगावकर, दुकानात जायच्या आधी एक काम करा. आहे ती सायकल उलटी करा आणि मागच्या चाकापाशी बसा. पायडलचा आस ज्या नळीत फिरतो त्या बीबीच्या मागं फ्रेमचे दोन दांडे टायरच्या सगळ्यात जवळ येतात, तिथं दोन्ही बाजूंना किती मिलिमीटर मोकळं आहे ते मोजून इथं टाका. तुमच्याकडं तर व्हर्नियर असणार. पुढच्या फोर्कचंही तसंच मोजा.

हे आधी सांगतोय कारण ग्रॅव्हल, हायब्रिड, एमटीबी ही नावं दुकानातली. आपल्या भागातल्या रस्त्याला कळतात त्या तीनच गोष्टी: टायर किती रुंद, सगळ्यात हलका गिअर किती हलका, आणि ब्रेक किती हाताशी. फ्रेममध्ये रुंद टायरला जागाच नसेल तर पुढं कितीही पैसे घाला, ती सायकल डांबराचीच राहणार. टायर, कॅसेट (मागच्या चकत्यांचा संच), ब्रेक नंतर बदलता येतात. फ्रेममधली जागा वाढवता येत नाही.

मी जांबोटीत राहतो आणि आतल्या एका वाडीतल्या शाळेत शिकवतो. फाट्यापर्यंत डांबर, पुढं जांभ्याचा रस्ता. शाळेला सायकलनंच जातो, म्हणून हा रस्ता मला तिन्ही ऋतूंत माहीत आहे. पावसाळ्यात जांभ्यावर शेवाळ धरतं. तिथं नक्षीचा टायर असो नाहीतर गुळगुळीत, सायकल सरळ धरायची, ब्रेक सोडायचा, वळायचं नाही. दिवाळीनंतर माती वाळून उडून जाते आणि वर राहतात ते लोखंडी रंगाचे बारीक गोल खडे. तुमच्या भाषेत सांगायचं तर सुट्या बेरिंगच्या गोळ्या अंथरल्यासारखं असतं. टणक टायर त्यावर ठरत नाही. टायर रुंद आणि हवा कमी असली की रबर त्या खड्यांवर पसरतं, खडे त्यात रुततात आणि मग पकड येते. तुमचा ब्रेक धरायला हात धजत नाही, त्याचं कारण तुमच्या हातात नाही, टायरात आहे. उन्हाळ्यात वर पिठासारखी तांबडी धूळ बसते आणि खालचा खड्डा दिसत नाही. तेव्हा रुंद टायरच रिम वाचवतो.

३५ चा टायर काढून ४५ चा घातला तर रुंदी वाढते दहा मिलिमीटर, पण आतली हवा दीडपटीहून जास्त होते. तुमच्या वजनाला, ट्यूब घातलेली धरून, ४५ च्या टायरला आठवडाभर डांबरासाठी मागं ४०, पुढं ३६ पीएसआय ठेवा. रविवारी घरातून निघतानाच मागं ३३, पुढं २९ वर आणा. याच्या खाली ट्यूब असताना जाऊ नका. दगडाला चाक आपटलं की रिम आणि दगडाच्या मधे ट्यूब चिमटते आणि शेजारी-शेजारी दोन भोकं पडतात. हवा अंगठ्यानं दाबून ठरवायची सवय सोडा. काटा असलेला उभा पंप घ्या, सायकलपाठोपाठ पहिली खरेदी तीच. चार-पाच पीएसआयचा फरक अंगठ्याला कळत नाही, खडीवर मात्र लगेच कळतो.

आता गिअर. दुकानात कुणी "किती गिअर आहेत" यावर विकायला लागला तर ऐकून घ्या आणि दात मोजा. पुढच्या चकतीचे दात भागिले मागच्या सगळ्यात मोठ्या चकतीचे दात. ग्रॅव्हलला पुढं ४० आणि मागं ४२ असेल तर उत्तर ०.९५. पुढं ४६-३० अशा दोन चकत्या आणि मागं ११-३४ असेल तर ३० भागिले ३४, म्हणजे ०.८८. एमटीबीला पुढं ३२ आणि मागं ११-४६ असली की ०.७० वर येतं. पायडल मिनिटाला साठ फेरे मारायचे तर ०.९५ ला ताशी साडेसात किलोमीटरचा वेग टिकवावा लागतो. ०.७० ला साडेपाच-सहामध्ये भागतं. राजहंसगडाच्या शेवटच्या चढाला, पाठीवर पाणी आणि डबा घेऊन, हा फरक म्हणजे बसून चढणं आणि उतरून ढकलणं. सुट्या खडीवर तर उभं राहून चढताच येत नाही. उभं राहिलं की मागच्या चाकावरचं वजन जातं आणि ते जागेवर फिरतं.

"पुढं ३२ म्हणजे डांबरावर मागं पडाल" असं लोक म्हणतात. हिशोब करून बघा. ३२ ला मागं ११, मिनिटाला नव्वद फेरे, २९ चं चाक: ताशी पस्तीस होतात. हिंडलग्याच्या रस्त्यावर सकाळच्या गर्दीत पस्तीसनं कोण जाणार आहे? उताराला पाय थांबवून बसायचं.

म्हणून साठ हजारात, तुमच्या रविवारसाठी, माझं मत: साधी हार्डटेल, म्हणजे फक्त पुढं सस्पेन्शन असलेली एमटीबी, २९ चं चाक, हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक, पुढं एकच चकती. त्यावर येणारे जाड गोट्यांचे टायर पहिल्याच दिवशी काढून ठेवा आणि मधे जवळजवळ सपाट, कडेला बारीक नक्षी असलेले २.० किंवा २.१ इंची घाला. सस्पेन्शनला लॉक असेल तर डांबरावर लावायचं, खडीवर उघडायचं. याच पैशात वाकड्या हँडलची घेतली तर ब्रेक बहुधा केबलचेच मिळतात, आणि चोर्ल्याच्या बाजूला लांब उतार उतरताना बोटं दुखून येतात.

ब्रेकपॅडचं एक सांगतो, कारण कुणी सांगत नाही. जांभ्याचा चिखल कानससारखं काम करतो. रेझिनचे पॅड एका पावसाळ्यात पातळ होतात. सिंटर्ड म्हणजे धातूचे पॅड जास्त टिकतात, पण आधी डिस्कवर काय कोरलंय ते वाचा. "फक्त रेझिन" असं लिहिलं असेल तर धातूचे घालायचे नाहीत, डिस्क झिजून जाते.

आणि जांबोटीच्या पुढं भीमगड अभयारण्य आहे. वनखात्याच्या परवानगीशिवाय आतल्या वाटांना सायकल घालू नका. गवे आहेत, अस्वलं आहेत. कणकुंबीपर्यंत रस्त्यानं जा, मलप्रभेचा उगम बघा, उजेड आहे तोवर परत फिरा.

निपाणीवाला

गुरुजींचं सगळं पटलं, पण ते पश्चिमेकडचं झालं. उद्या हेच वाचून कुणी चिकोडी, बैलहोंगल, सौंदत्तीकडं जाईल म्हणून लिहितोय. आमच्याकडं काळी माती. पाऊस पडून गेल्यावर पाणंदीत सायकल घातली की टायरला माती धरते, टायरवरून फ्रेमला धरते, आणि थोड्या वेळात चाक फिरायचंच बंद होतं. इथं रुंद टायर उलटा त्रास देतो, कारण मधली जागा खाऊन टाकतो. दोन्ही बाजूंना किमान सहा-सात मिलिमीटर सुटले पाहिजेत. मडगार्ड काढून ठेवायचे. खरं म्हणजे काळी माती ओली असताना जायचंच नाही, दोन दिवस ऊन पडू द्यायचं.

दुसरं, सराटे. वाळल्यावर रस्त्याच्या कडेला पसरलेले असतात, शिवाय बांधावरच्या बाभळीचे काटे. ट्यूबवाल्या टायरनं इथं फिरायचं म्हणजे सारखं पंक्चर काढत बसायचं. मी ट्यूबलेस केलंय. रिम आणि टायर दोन्ही ट्यूबलेसचे हवेत, आत रबरी चीक असलेलं सीलंट. सराटा घुसला की तिथल्या तिथं बुजतं. पण आपल्या उन्हाळ्यात ते सीलंट आत वाळून जातं, दोन-तीन महिन्यांनी वरून घालावं लागतं. एक ट्यूब तरीही जवळ ठेवा. कडेनं टायर चिरला तर सीलंटनं काही होत नाही.

ऊस हंगामात ट्रॉल्यांनी रस्त्याच्या कडा तुटतात आणि चाकोऱ्या पडतात. त्या चाकोरीतून तिरकं बाहेर निघायचं नाही, पुढचं चाक अडकतं. आधी वेग कमी करायचा, मग पुढचं चाक किंचित उचलून आडवं काढायचं.

टिळकवाडीची सायकलवाली

मी वाकड्या हँडलच्या बाजूनं बोलते. गुरुजी, तुम्ही जंगलात शिरल्यावर वाऱ्यापासून सुटता. उचगावकर संध्याकाळी उद्यमबागेतून घरी जातात ते वायव्येला. जून ते ऑगस्ट पश्चिमेचा वारा तोंडावर असतो, आणि सरळ हँडलवर छाती उघडी ठेवून रोज तो खायचा म्हणजे माणूस शेवटी सायकल घरी ठेवून बस धरतो. वाकड्या हँडलला खाली धरलं की वारा कमी लागतो, आणि लांब पल्ल्याला हात ठेवायला तीन जागा मिळतात. माझ्या ग्रॅव्हलवर ४० चे टायर आहेत. हलशीला जाऊन आलेय, कुठं उतरावं लागलं नाही. राजहंसगड मात्र जड जातो, ते खरं.

एक गोष्ट मात्र करू नका उचगावकर: एमटीबी घेऊन नंतर तिला वाकडं हँडल बसवायचं. एमटीबीची फ्रेम सरळ हँडल धरून लांब बनवलेली असते. वाकडं घातलं की ब्रेकपर्यंत पोचायला अंग ताणावं लागतं, पाठ आणि मान धरते. शिवाय शिफ्टर (हँडलवरचे गिअर बदलायचे खटके) बदलायचे, ब्रेक बदलायचे. शिमानोचे नऊ गिअरपर्यंतचे रोडचे शिफ्टर आणि एमटीबीचे डिरेलर (साखळी एका चकतीवरून दुसरीवर नेणारा भाग) एकमेकांना चालतात. दहा गिअरपासून पुढं केबलची ओढ वेगळी झाली, मग गिअर जागेवर बसतच नाही. तेवढ्या खर्चात आधीच योग्य सायकल येते.

फ्रेमचा नंबर उंचीवरून ठरवणाऱ्या तक्त्यावर विसंबू नका. मी पाच फूट एक आहे. तक्त्यानं मला जी सायकल सांगितली तिच्यावर उभं राहिल्यावर वरचा दांडा टेकत होता. खडीवर अचानक पाय टेकावा लागतो, तेव्हा दांड्यावर दोन इंच तरी मोकळं हवं. सीटची उंची अशी लावा: टाच पायडलवर ठेवून पायडल सगळ्यात खाली न्या, गुडघा सरळ झाला पाहिजे. मग चवड्यानं मारताना तो आपोआप थोडा वाकतो. रविवारी खडीच्या उताराला सीट एक-दीड इंच खाली घ्या, म्हणजे अंग मागं नेता येतं. आणि हायड्रॉलिक ब्रेकच्या लिव्हरला बारीक स्क्रू असतो, त्यानं लिव्हर बोटाजवळ आणता येते. माझ्यासारख्या लहान हातांना त्याचा फार उपयोग आहे, आणि तो स्क्रू असतो हेच बऱ्याच जणांना माहीत नसतं.

उचगावकर

मोजलं. मागं ३५ चा टायर असताना दोन्ही बाजूंना साडेआठ मिलिमीटर सुटतंय. पुढं त्याहून जास्त, अकराच्या आसपास. पुढच्या चकत्या तीन आहेत, ४८-३८-२८, मागं ११-३२.

जांबोटीचा मास्तर

मग आत्ताच साठ हजार काढू नका. मागं ४० चा टायर बसतोय, घातल्यावर बाजूला सहा मिलिमीटर राहतात. पुढं ४५ घाला, फक्त वर फोर्कच्या कमानीलाही जागा आहे का तेवढं बघा. पुढं रुंद आणि कडेला नक्षी, मागं सपाट. पकड पुढं लागते, पळायला मागं सपाट बरं. तुमची २८ ला ३२ म्हणजे ०.८८ झालं, ग्रॅव्हलएवढं. चढाला वाईट नाही. केबलचे ब्रेक आहेत तर आतल्या आणि बाहेरच्या केबल नव्या घाला, पॅड बदला, निम्मी भीती तिथंच जाते.

टायरला रिम चालते का ते एकदा बघून घ्या. रिमच्या आतली रुंदी मोजा, १९ मिलिमीटर किंवा जास्त असली की ४५ ला अडचण नाही. टायर घेताना बाजूला ६२२ लिहिलंय ना ते वाचा. ७०० आणि २९, दोन्हीचा आकडा ६२२ च असतो, त्यामुळं पुढं हार्डटेल घेतली तरी हा आकडा ओळखीचा राहील.

टिळकवाडीच्या बाईंचं वाऱ्याचं म्हणणं बरोबर आहे, ते माझ्या लक्षात यायला हवं इतकं मी डांबरावर नसतो. म्हणून दिवाळीपर्यंत हीच सायकल या टायरवर चालवा. रविवारी जास्त आत जावंसं वाटायला लागलं तर हार्डटेल घ्या. हलशी, नंदगड, कित्तूर असं लांब जावंसं वाटलं तर वाकड्या हँडलची.

उचगावकर

ठीक आहे गुरुजी. पुढचा ४५ आणि मागचा ४० बघतो. रिम आत्ताच मोजली, आतून १९ भरते. फोर्कच्या कमानीला चौदा मिलिमीटर आहेत, पुरतील?

जांबोटीचा मास्तर

४५ चा टायर उंचीला साधारण आठ-दहा मिलिमीटर वर येतो. चौदातून ते गेले तर चार-सहाच राहतात. उन्हाळ्यात चालेल, पावसात खडा अडकेल. पुढंही ४० च घ्या.

निपाणीवाला

आणि टायर घालताना ट्यूबवर जरा टाल्कम पावडर मारा, आत चिकटत नाही. जुने ३५ टाकून देऊ नका, एखादा टायर रस्त्यात चिरला तर त्याचा तुकडा आतून लावायला लागतंय.