पोकळीच्या भिंतीत बसवायचे जिन्याचे दिवे : तारा पोकळीतून नेता येतील का?

प्रश्न
नमस्कार. इंग्लंडमधील आमचे घर १९६० च्या दशकातील असून जिन्यालगतची बाहेरची भिंत दोन पडद्यांची आहे. बाहेरची पडदी विटांची, आतली १०० मिलिमीटर जाडीच्या काँक्रीट ठोकळ्यांची, आणि मधल्या सुमारे ५० मिलिमीटरच्या पोकळीत आधीच्या मालकांनी थर्मोकोलचे मणी भरून घेतले आहेत. उन्हाळ्यात आईवडील नाशिकहून राहायला येणार आहेत. रात्री त्यांना पायऱ्या स्पष्ट दिसाव्यात म्हणून भिंतीत आत बसणारे लहान एलईडी दिवे लावायचे आहेत. पसंत केलेला दिवा ७५ मिलिमीटर खोल आहे. तारा पोकळीतूनच सोडल्या तर गिलावा फोडावा लागणार नाही, असे वाटते. हे योग्य ठरेल का?

प्रतिसाद १
तारा पोकळीतून नेऊ नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. बाहेरच्या विटांतून झिरपलेले पावसाचे पाणी आतल्या पडदीपर्यंत पोहोचू नये, यासाठीच ती पोकळी ठेवलेली असते, आणि दोन्ही पडद्यांना टेकलेली कोणतीही वस्तू त्या पाण्याला आत येण्याची वाट करून देऊ शकते. शिवाय पीव्हीसीचे आवरण थर्मोकोलला सतत लागून राहिले, की त्याला लवचीक ठेवणारे द्रव्य हळूहळू थर्मोकोलमध्ये उतरते आणि आवरण कडक होऊन तडकू लागते. उष्णतारोधक भरावात तार तापते हेही खरे, परंतु दोन-तीन वॅटच्या एलईडीला लागणारा प्रवाह इतका अल्प असतो, की येथे त्याची चिंता नाही.

प्रतिसाद २
वरील मताशी मी सहमत आहे; मात्र खरी अडचण दिव्याच्या खोलीची आहे. १०० मिलिमीटरच्या ठोकळ्यात ७५ मिलिमीटरचा खड्डा घेतला तर मागे जेमतेम २५ मिलिमीटर उरतात, ते छिन्नीच्या ठोक्याने फुटू शकतात, आणि मणी एकमेकांना चिकटवलेले नसतील तर त्या भोकातून बाहेर सांडत राहतात. म्हणून ३५ मिलिमीटर खोलीच्या साध्या स्विचच्या डबीत मावणारा दिवा निवडावा. तारेसाठी आतल्या पडदीत खाच घेताना इंग्लंडच्या बांधकाम नियमांच्या मार्गदर्शिकेप्रमाणे उभी खाच पडदीच्या जाडीच्या एक-तृतीयांशाहून आणि आडवी एक-षष्ठांशाहून खोल नसावी, म्हणजे आपल्या भिंतीत अनुक्रमे सुमारे ३३ आणि १६ मिलिमीटर. जिन्याच्या उतारासोबत तिरकी खाच घेण्याचा मोह होईल, पण २३० व्होल्टची तार तिरकी पुरू नये, कारण पुढे चित्राचा खिळा ठोकणारा माणूस दिव्याच्या सरळ वर, खाली किंवा बाजूलाच तार असेल असे धरून चालतो. दिव्यांच्या त्या मंडलाला (सर्किटला) ३० मिलिअँपिअरची आरसीडी, म्हणजे वीजगळती होताच प्रवाह तोडणारी सुरक्षा-कळ, आहे ना, हेही तपासून घ्यावे.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. जिन्याच्या दुसऱ्या बाजूला लाकडी चौकटीवर प्लास्टरबोर्ड लावलेली आतली भिंत आहे. दिवे तिकडे घेतले तर?

प्रतिसाद २
मग तिकडेच घ्यावेत. त्या भिंतीच्या दोन्ही बाजूंना घरच असल्याने ओलीचा प्रश्न नाही आणि तारही चौकटीतून सोडता येते. फक्त उभे लाकूड कोठे आहे ते आधी शोधावे. १२ व्होल्टचे दिवे घेतल्यास त्यांचा ड्रायव्हर (२३० व्होल्टचा दाब १२ वर आणणारे उपकरण) भिंतीत न पुरता जिन्याखालच्या कपाटात, हात पोहोचेल असा ठेवावा. इंग्लंडमध्ये अस्तित्वात असलेल्या दिव्यांच्या मंडलाला जोड दिल्यास स्थानिक प्रशासनाला कळवावे लागत नाही, नवे मंडल काढल्यास कळवावे लागते. जोडणी आणि चाचणी मात्र दोन्ही वेळा नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यावी.