'ग्लॅडिएटर'मधली लढाई रोमन वाटते का?

'बाकी इतिहासाचा बट्ट्याबोळ असला तरी 'ग्लॅडिएटर' सिनेमाची सुरुवातीची लढाई अस्सल आहे' हे मत अजिबात पटलं नाही. पार्श्वभूमी बरोबर आहे: इ.स. 180, डॅन्यूब नदीची सरहद्द, रोमन सम्राट मार्कस ऑरेलियसचे शेवटचे दिवस. घोळ लढाईतच आहे.

रोमन पायदळाची सगळी ताकद रांग न मोडण्यात होती. आधी पिलम, म्हणजे फेकायचा जड भाला. तो शत्रूच्या ढालीत रुतला की सहज निघत नाही, ढाल लोढणं होते. मग मोठ्या ढालीआडून आखूड तलवारीने भोसकायचं. सिनेमात पहिल्या धडकेतच रांग फुटते आणि जो तो तलवार गरागरा फिरवत सुटतो. घोडदळ झाडीतून भरधाव सोडणं म्हणजे घोड्यांचे पाय मोडायची सोय! शिवाय रिकिबी दिसतात. रोमन स्वाराकडे त्या नव्हत्याच, तो चार शिंगांच्या खोगिरात घट्ट बसायचा.

मार्कसचा मुलगा कमोडस, त्याचं तर काय बोलावं. तो 177 पासूनच बापाबरोबर सहसम्राट होता, म्हणजे सिनेमातला वारसाहक्काचा पेच मुळातच बनावट. मेला तो 192 च्या अखेरीस, सिनेमातल्यासारखा आखाड्यात नव्हे. नार्सिसस नावाच्या मल्लाने गळा आवळला.

तरी वाकीन फिनिक्सचा हेवेखोर, घाबरट कमोडस लाजवाब. रोमच्या कलोसियम या आखाड्याचाही जेमतेम एक भाग माल्टात उभारला होता, बाकीचा संगणकावर, आणि जोड आजही सहजी सापडत नाही.