मॅकचा उपचार सुरू असताना सहा महिन्यांचा सीटी: काही सुधारलं, काही नवीन दिसतंय. रिपोर्ट कसा वाचायचा?

बकुळ:
आईला (वय ६१) मायकोबॅक्टेरियम एव्हियम कॉम्प्लेक्सचा, म्हणजे मॅकचा (टीबीच्या जंतूच्या जातकुळीतले जंतू) फुप्फुसाचा संसर्ग आहे. अझिथ्रोमायसिन, रिफॅम्पिसिन आणि एथॅम्ब्युटॉल रोज सुरू आहे. सुरुवातीचे तीन महिने अमिकासिनची इंजेक्शनंही झाली. आता सहा महिन्यांचा सीटी काढलाय. रिपोर्टमधले मुद्दे:

उजव्या वरच्या लोबमधली (फुप्फुसाच्या कप्प्यातली) पोकळी आधी २.२ × १.९ सेंमी, भिंत ५ मिमी. आता २.४ × १.९ सेंमी, भिंत २ मिमी.
पोकळीभोवतीचे 'ट्री-इन-बड' (कळ्या आलेल्या फांदीसारखे दिसणारे) ठिपके कमी.
मधला लोब आणि लिंग्युला (डाव्या वरच्या लोबचा खालचा भाग) इथलं ब्रॉन्किएक्टेसिस (श्वासनलिका रुंदावणं) जैसे थे.
डाव्या खालच्या लोबमध्ये ३-४ मिमीचे काही नवीन ठिपके.

आणि शेवटी, 'सक्रिय संसर्गाची शक्यता, क्लिनिकल कोरिलेशन करावे' (म्हणजे लक्षणांशी ताडून बघावे).

बेडक्याची मागची दोन कल्चर (नमुन्यातून जंतू वाढतात का ते बघणारी तपासणी) निगेटिव्ह आहेत, वजन वाढलंय, ताप नाही. पोकळी वाढली म्हणजे औषध लागू पडत नाहीये का? नवीन ठिपके कशाचे असतील? डॉक्टरांची भेट पुढच्या आठवड्यात आहे, तिथे काय विचारू?

छायाप्रकाश:
पोकळीची रुंदी बाजूला ठेवा, भिंत बघा. ५ मिमीची २ मिमी झाली, ही या रिपोर्टमधली सगळ्यात चांगली गोष्ट आहे. भिंत जाड असते ती सूज आणि जंतूंनी भरलेल्या पेशीसमूहामुळे. औषध लागू पडलं की ती पातळ होत जाते. पोकळी मात्र पूर्ण बुजेलच असं नाही, पातळ भिंतीची रिकामी जागा कायमची राहू शकते. २ मिमीची वाढ मोजमापाच्या फरकातच जाते. श्वास थोडा जास्त खोल घेतला, मोजताना रेघ जराशी सरकली, किंवा आतला घट्ट मळ खोकल्यातून बाहेर पडला, तरी आकडा तेवढा हलतो.

नवीन ठिपक्यांबद्दल आधी एक तपासा. दोन्ही स्कॅन एकाच जाडीच्या काप्यांचे आहेत का? जुना स्कॅन ५ मिमीच्या काप्यांवर वाचला असेल आणि नवा १ मिमीच्या, तर ३ मिमीचा ठिपका जुन्यात आजूबाजूच्या हवेत मिसळून पुसट झालेला असतो. तो नवीन झालेला नसतो, आता पहिल्यांदा दिसलेला असतो. श्वास नीट रोखला नसेल तरी खालचे लोब धूसर दिसतात.

रिपोर्टमधले जुने आकडे जुन्या रिपोर्टवरून उतरवलेत की जुनी चित्रं शेजारी लावून मोजलेत, हेही विचारून घ्या. नुसती फिल्म नेली तर त्यावर निवडक चित्रंच असतात. दोन्ही सीडी सेंटरवर द्या आणि तुलना करून पुरवणी रिपोर्ट मागा. 'सक्रिय संसर्गाची शक्यता' हे वाक्य ट्री-इन-बड दिसलं की बहुधा लिहिलं जातंच. ते जंतू जिवंत आहेत की मेलेले, हे सीटीवरून कळत नाही.

माळरान:
वर सांगितलेलं सगळं बरोबर. फक्त भरून येणाऱ्या आणि न येणाऱ्या गोष्टी वेगळ्या करा, म्हणजे 'जैसे थे' या शब्दांची भीती जाईल. ब्रॉन्किएक्टेसिसमध्ये श्वासनलिकेची भिंत कायमची ताणलेली असते. औषध ती पूर्ववत करत नाही. तिथे 'वाढ नाही' हाच चांगला निकाल. ट्री-इन-बड म्हणजे अगदी बारीक नलिकांत साठलेला कफ आणि पू, तो येतो-जातो.

डाव्या खालच्या लोबमधल्या ठिपक्यांची कारणं बरीच असू शकतात: साठलेला कफ, स्यूडोमोनाससारखा दुसरा जंतू, झोपेत वर येऊन श्वासनलिकेत उतरणारं पोटातलं आम्ल (ते खालच्या लोबमध्येच जास्त जातं), किंवा मॅकच. म्हणून बेडक्याचं साधं बॅक्टेरियल कल्चरही करून घ्या. एएफबी कल्चरमध्ये (टीबी-मॅकसारख्या जंतूंसाठीच्या कल्चरमध्ये) बाकीचे जंतू मुद्दाम मारलेले असतात, त्यामुळे स्यूडोमोनास आहे की नाही ते त्यावरून कळत नाही. आईंना रात्री जळजळ होते का, आडवं झाल्यावर खोकला वाढतो का, तेही डॉक्टरांना सांगा. बाकी सगळं सुधारत असताना केवळ एवढ्या ठिपक्यांवरून औषधं सहसा बदलत नाहीत.

काळजी करण्यासारखं काय? पातळ झालेली भिंत पुन्हा जाड होणं, नवी पोकळी, पोकळीत द्रव किंवा गोळा दिसणं. गोळा असेल तर अ‍ॅस्परजिलस बुरशीचा विचार करावा लागतो आणि रक्तातली अ‍ॅस्परजिलस आयजीजी (त्या बुरशीविरुद्धच्या प्रतिपिंडांची) तपासणी करतात. इथे एक धोका आहे. रिफॅम्पिसिन सुरू असताना इट्राकोनाझोल किंवा व्होरिकोनाझोल ही बुरशीची औषधं दिली, तर बुरशीच्या औषधाची रक्तातली पातळी इतकी घसरते की ते दिल्यासारखंच राहत नाही. दुसरे डॉक्टर बुरशीचं औषध लिहीत असतील तर सध्याच्या गोळ्यांची यादी त्यांच्यापुढे ठेवा. खोकल्यातून रक्त येऊ लागलं तर लगेच कळवा, आणि ते नुसत्या रेघेपेक्षा जास्त असेल तर भेटीची वाट बघू नका, थेट रुग्णालयात न्या.

थेंब:
सीटीइतकंच, किंबहुना जास्त, वजन कल्चरला आहे. किमान चार आठवड्यांच्या अंतराने घेतलेली लागोपाठ तीन कल्चर निगेटिव्ह आली की 'कन्व्हर्जन' (पॉझिटिव्हचं निगेटिव्ह होणं) धरतात. तारीख धरायची ती त्यातल्या पहिल्या निगेटिव्ह नमुन्याची, आणि तिथून पुढे किमान १२ महिने औषध. म्हणजे तुमचं तिसरं कल्चर फार महत्त्वाचं आहे.

द्रव माध्यमातलं कल्चर निगेटिव्ह म्हणायला सहा आठवडे लागतात. त्यामुळे हातात आलेला निकाल दीड महिन्यापूर्वीच्या नमुन्याचा असतो. सीटीशी जोडताना नमुना दिल्याची तारीख बघा, रिपोर्टची नव्हे. स्मिअरमध्ये (बेडका काचपट्टीवर पसरून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात त्यात) मेलेले जंतूही दिसू शकतात. आणि सीबीनॅट (बेडक्यातल्या जंतूंची जनुकीय तपासणी) टीबीचे जंतू शोधतं, मॅक नाही. ते निगेटिव्ह आलं म्हणून मॅक गेला असं धरू नका.

नमुना देण्याआधी नळाच्या पाण्याने चूळ भरू देऊ नका. मॅकचे जंतू नळाच्या पाण्यात असतात आणि नमुन्यात उतरू शकतात. उकळून गार केलेलं पाणी वापरा. उकळल्याने जंतू मरतात.

बकुळ:
सगळ्यांचे मनापासून आभार. अडचण अशी की आता आईला बेडकाच पडत नाही, नुसती लाळ येते. आणि पुढचा सीटी कधी करायचा? महिन्याभराने पुन्हा बघून घ्यावा का?

माळरान:
बेडका कमी होणं चांगलंच, पण 'नमुना नाही' म्हणजे 'निगेटिव्ह' नव्हे. लाळ पाठवू नका. ३ टक्के सलाईनची ४-५ मिली वाफ नेब्युलायझरने देऊन बेडका काढता येतो. त्याने श्वासनलिका आवळू शकतात, म्हणून आधी साल्ब्युटामॉल (श्वासनलिका मोकळ्या करणारं औषध) देतात आणि पहिली वेळ दवाखान्यातच करतात. वाफेनंतर दोन-तीन खोल श्वास, मग तोंड उघडं ठेवून काचेवर वाफ धरताना सोडतो तसा जोराचा उच्छ्वास. हे आळीपाळीने. सकाळी उठल्याउठल्या, साधारण ५ मिली. तरी जमलं नाही तर ब्रॉन्कोस्कोपीचा (श्वासनलिकेत दुर्बीण घालून नमुना घेण्याचा) विचार डॉक्टर करतील.

महिन्याभरात सीटीत फारसं काही कळणार नाही, या आजारात बदल महिन्यांच्या हिशोबाने होतात. लक्षणं वाढली किंवा कल्चर पुन्हा पॉझिटिव्ह आलं तर लवकर, नाहीतर डॉक्टर ठरवतील त्या टप्प्यावर. कमी डोसचा सीटी चालेल का ते विचारा. नेहमीच्या छातीच्या सीटीत साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट किरणं जातात, कमी डोसच्या सीटीत १ ते २. उपचार संपतानाचा सीटी मात्र चुकवू नका आणि त्याची सीडी जपून ठेवा. मॅक पुन्हा होऊ शकतो आणि तेव्हा तुलना त्याच्याशीच करायची असते.

थेंब:
एक राहिलं. तिसरं कल्चर पॉझिटिव्ह आलं तर तोच जंतू क्लॅरिथ्रोमायसिनच्या (अझिथ्रोमायसिनच्याच गटातलं औषध) सेन्सिटिव्हिटीसाठी, म्हणजे औषध लागू पडतं का ते बघायला, पुन्हा पाठवायला सांगा, सुरुवातीचा निकाल गृहीत धरू नका. एमआयसी (जंतूची वाढ थांबवायला लागणारं औषधाचं किमान प्रमाण) ३२ किंवा त्याहून जास्त आली तर जंतू अझिथ्रोमायसिनलाही दाद देत नाही असं धरतात, आणि औषधांची सगळी आखणी नव्याने करावी लागते.