एकेरी रेल्वेमार्गाचं पेट्री नेट केलंय. कॉनकर परिषदेला पाठवण्यासारखं आहे का?

गोदाकाठ_परभणी

नमस्कार. मी परभणीत तासिका तत्त्वावर बी.एस्सी. कॉम्प्युटरला ऑपरेटिंग सिस्टीम शिकवतो. एम.एस्सी. आणि सेट झालंय, पीएच.डी.ला अजून नोंदणी नाही.

डेडलॉक, म्हणजे सगळेच एकमेकांची वाट बघत कायमचे अडकून बसणं, शिकवताना पुस्तकातले गोल टेबलाभोवती बसलेले तत्त्ववेत्ते पोरांच्या पचनी पडेनात. मग मी फळ्यावर आपला मनमाड–परभणी मार्ग काढला. परभणीपासून पुढं मुदखेडपर्यंत दुहेरी मार्ग झाला, पण जालन्याकडं अजून एकेरीच आहे. तपोवन म्हणा, नंदीग्राम म्हणा, क्रॉसिंगला थांबून राहणं वर्गातल्या प्रत्येकाला माहीत. दोन स्टेशनांच्या मधल्या पट्ट्यात एका वेळी एकच गाडी, आणि समोरची गाडी यायची तर स्टेशनात एक लाइन मोकळी पाहिजे. एवढ्यावर सगळा धडा झाला. पण मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, "सर, सगळ्याच गाड्या एकदम अडकून पडतील असं कधी होणारच नाही, हे कशावरून?" त्या तासाला मला नीट उत्तर देता आलं नाही आणि तेव्हापासून ते डोक्यातून जाईना.

म्हणून पेट्री नेट वाचायलोय, म्हणजे गोल, बाण आणि गोलांतून फिरणारी टोकनं (ठिपके) यांनी प्रक्रिया दाखवायची गणिती पद्धत. प्रत्येक मधल्या पट्ट्याला एक टोकन, स्टेशनातल्या प्रत्येक मोकळ्या लाइनीला एक टोकन, असं पूर्ण जाळं काढलंय. वाचताना 'कॉनकर' ही परिषद सारखी समोर येते. दुसरीकडं मेलवर रोज "आंतरराष्ट्रीय परिषद, ४८ तासांत स्वीकृती, फी भरा" असं येत असतं. ही त्यातलीच का? नसेल तर माझं काम तिथं चालेल का? आणि खर्च किती येतो?

मांजराकाठ

सर, स्पष्ट सांगतो, राग मानू नका. तुम्ही तासिकेवर आहात. आधी पीएच.डी.ची नोंदणी करा, गाइड बघा. विद्यापीठातल्या चर्चासत्रात पेपर वाचा, चार ओळखी होतील. युरोपातल्या परिषदेचं पुढं बघता येईल. मी लातूरला कायम होण्याआधी बरीच वर्षं तासिकेवर काढलीत, म्हणून बोलतोय. या काळात पैसे आणि वेळ दोन्ही जपून वापरावे लागतात.

जिंतूर_रोड

मी मूळची सेलूची. संशोधन चेन्नईत केलं, आता छत्रपती संभाजीनगरला शिकवते. विषय माझा आहे आणि रेल्वेमार्गही माझाच, त्यामुळे जरा लांब लिहिते.

आधी तुमची शंका. कॉनकर त्या मेलवाल्यांपैकी नाही. १९९० साली ॲमस्टरडॅमला सुरू झाली, तेव्हापासून दरवर्षी भरते. तिसावी २०१९ ला पुन्हा ॲमस्टरडॅमलाच झाली. त्यानंतरच्या दोन करोनामुळे ऑनलाइन, मग वॉर्सा, अँटवर्प, कॅलगरी आणि २०२५ ला डेन्मार्कमधलं ऑर्हूस. पेपर साधारण एप्रिलमध्ये द्यायचे, परिषद बहुतेक सप्टेंबरच्या आसपास. एकाच वेळी चालणाऱ्या, एकमेकांत गुंतलेल्या संगणकीय प्रक्रियांचा सिद्धांत हाच तिचा विषय: पेट्री नेट, प्रोसेस अल्जिब्रा, टेम्पोरल लॉजिक, टाइम्ड ऑटोमाटा, मॉडेल चेकिंग (मॉडेलच्या सगळ्या शक्य स्थिती यंत्राकडून तपासून घेणं).

आता खर्च. २०१५ पासून तिथले सगळे पेपर लिपिक्स या मालिकेत निघतात आणि कुणालाही फुकट वाचता येतात. मराठवाड्यातल्या माणसाला या गोष्टीचं मोल मी समजावून सांगायला नको. आपल्या कॉलेजांच्या ग्रंथालयांत महागडी जर्नल्स येत नाहीत, पण इथं परभणीत मोबाइलवर उघडलेला पेपर आणि पॅरिसमध्ये उघडलेला पेपर एकच. पाठवायलाही पैसे नाहीत. पेपर घेतला गेला तरच नोंदणीची फी, प्रवास, व्हिसा हे सुरू होतं. ते मात्र खरंच जड जातं. मांजराकाठ सरांची काळजी तेवढ्यापुरती रास्त आहे.

पण त्यांचा क्रम मला मान्य नाही. नोंदणी, गाइड, चर्चासत्र आणि मग कधीतरी प्रश्न, असं नसतं. या माणसाकडे प्रश्न आत्ता आहे, आणि तो खरा आहे. तो तसाच ठेवून नोंदणीच्या मागे लागले तर दोन वर्षांनी हातात नोंदणी असेल आणि प्रश्न विझलेला असेल. आपल्या भागात हे मी फार पाहिलंय आणि मला त्याचं मनापासून वाईट वाटतं.

आता तुमच्या कामाबद्दल. आज आहे तसं ते तिथं चालणार नाही. मॉडेल चुकलं म्हणून नव्हे. मनमाड–परभणी हे एक उदाहरण आहे आणि परिषदेला प्रमेय लागतं. कोणताही एकेरी मार्ग घ्या, कितीही स्टेशनं, प्रत्येक स्टेशनात कितीही लाइनी, आणि मग काय सिद्ध करता येतं?

इथून पुढं वहीत करून बघा. शेजारची दोन स्टेशनं पूर्ण भरलीत. पहिल्यातल्या सगळ्या गाड्यांना दुसऱ्याकडे जायचंय, दुसऱ्यातल्या सगळ्यांना पहिल्याकडे. अडकले. हे कुणालाही दिसतं. पण अडकण्याची ही एकच तऱ्हा नाही. मधली छोटी स्टेशनं सोडा आणि सेलू, मानवत रोड, पेडगाव एवढी तीनच धरा, प्रत्येकात दोन लाइनी. सेलूत दोन गाड्या, दोन्ही परभणीकडे तोंड करून. पेडगावात दोन, दोन्ही जालन्याकडे. मानवत रोडला एक इकडची, एक तिकडची. शेजारच्या कुठल्याही जोडीला पहिली अट लागू होत नाही, तरीही सहाच्या सहा गाड्या जागच्या हलू शकत नाहीत. यातून सर्वसाधारण अट काय निघते ते तुम्हीच लिहा, मी सांगत नाही. ते तुमचं पहिलं उपप्रमेय.

ते सोपं आहे. अवघड पुढं आहे. आत्ता एकही गाडी अडकलेली नाही, पण कुठलाही निर्णय घेतला तरी पुढं सगळ्या अडकणारच, अशी स्थिती असू शकते. नियंत्रकाला ती आधीच ओळखता आली पाहिजे. दिलेली स्थिती अशी आहे की नाही, हे ठरवायला किती गणित करावं लागतं? प्रत्येक जागी जास्तीत जास्त एकच टोकन राहतं अशा पेट्री नेटमध्ये डेडलॉकपर्यंत पोचता येतं का, हा प्रश्न पीस्पेस-पूर्ण आहे, म्हणजे मोठ्या जाळ्यांसाठी झटपट उत्तर देणारी पद्धत मिळेल ही आशा जवळपास सोडावी लागते. तो निकाल डिसेंबर १९९३ मध्ये मुंबईला भरलेल्या एफएसटीटीसीएस या सैद्धांतिक संगणकशास्त्राच्या परिषदेत मांडला गेला होता. पण तुमचं जाळं कसंही पसरलेलं नाही, ते एका रेषेत आहे. रेषेत असल्यामुळे प्रश्न सोपा होतो का? होत असेल तर किती? जंक्शन आलं, मुदखेडसारखे फाटे फुटले, की काय बदलतं? परिषदेत विचारण्याजोगा प्रश्न हा आहे. रेल्वेच्या डेडलॉकवर आधी बरंच लिहिलं गेलंय, ते मात्र कसून शोधा.

एक सावधगिरी. मार्गाच्या दोन्ही टोकांना हव्या तितक्या गाड्या थांबू शकतात असं धरलंत, तर जाळं अमर्याद होतं आणि तुम्ही फार खोल पाण्यात जाता. अमर्याद पेट्री नेटमध्ये एका स्थितीतून दुसरीत पोचता येतं का, हे ठरवता येतं एवढं १९८१ मध्ये सिद्ध झालं. त्याआधी १९७६ मध्येच संगणकशास्त्रज्ञ लिप्टननं त्याची एक खालची सीमा, म्हणजे गणित निदान किती महाग पडणारच, हे दाखवलं होतं. नेमकी किंमत कळायला २०२१ उजाडलं: ॲकरमन फलनाच्या वेगानं, म्हणजे कुठल्याही घातांकी वाढीला मागं टाकत वाढणारी. दोन वेगवेगळ्या गटांनी एकाच वर्षी ते सिद्ध केलं. मी तेव्हा तो पेपर वाचत असताना जेवायचं विसरले होते. कार्ल ॲडम पेट्रींचा प्रबंध १९६२ चा. म्हणजे गोल आणि बाण एवढ्यावर उभ्या असलेल्या चित्रातला मूळ प्रश्न जवळपास साठ वर्षं चालला. तेव्हा गाड्यांची संख्या मर्यादितच ठेवा.

आधी कॉनकर नको, एफएसटीटीसीएस बघा. ती १९८१ पासून डिसेंबरात भारतातच भरते. २०२३ ला हैदराबादच्या ट्रिपल आयटीत होती, परभणीहून एका गाडीचा प्रवास. पेपर नसला तरी नुसतं जाऊन बसा. तिथं चहाच्या वेळेला कुणालाही प्रश्न विचारता येतो, आणि "कुठल्या कॉलेजचे?" असं आधी कुणी विचारत नाही. तिचेही पेपर लिपिक्समध्ये फुकट आहेत.

बीड_ते_पुणे

मी सिद्धांतातला नाही, पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतो. मॅडमच्या उत्तरात एक भर. प्रमेयाच्या आधी यंत्राला शोधू द्या. मॉडेल तपासणारी स्पिन किंवा टीएलए प्लस ही टूल्स घ्या, दोन्ही मोफत आहेत. टीएलए प्लस संगणकशास्त्रज्ञ लेस्ली लॅम्पोर्टचं. ॲमेझॉनच्या लोकांनी २०१५ मध्ये लिहिलेल्या लेखात आहे की त्यांच्या वितरित प्रणालींमधल्या चुका त्यांना यातून सापडल्या, टेस्टिंगमधून सापडणं कठीण होतं अशा. तीन स्टेशनांचं मॉडेल एका संध्याकाळी लिहून होतं. डेडलॉक असेल तर टूल तिथवर जाण्याचा पूर्ण क्रम छापून देतं, आणि तो क्रम वर्गात दाखवण्यासारखा असतो.

आमच्या कामात अशा चुका हजारात एकदा येतात, परत आणायला गेलं की येत नाहीत. नव्या पोरांना वाटतं टेस्ट पास झाली म्हणजे झालं. २००३ मध्ये अमेरिकेच्या ईशान्य भागात आणि कॅनडात वीज गेली, त्यात अलार्म यंत्रणेतली एक रेस कंडिशन (एकाच वेळी चालणाऱ्या कामांचा क्रम चुकला की होणारी गडबड) हेही कारण होतं. कंट्रोल रूमला धोक्याच्या सूचनाच मिळाल्या नाहीत.

गोदाकाठ_परभणी

मॅडम, काल रात्री बसून केलं. अट मला अशी दिसते: सलग स्टेशनांची एक साखळी, सगळी भरलेली, डावीकडच्या टोकाच्या सगळ्या गाड्या उजवीकडे जाणाऱ्या आणि उजवीकडच्या टोकाच्या सगळ्या डावीकडे. मधल्यांची तोंडं कशीही असली तरी चालतात. बीडच्या दादांनी सांगितलेलं टीएलए प्लस पण उतरवून घेतलंय. चार स्टेशनांवर चालवलं तेव्हा त्यानं असाच नमुना काढून दिला. पुढच्या तासाला त्या मुलीला फळ्यावर बोलावणार आहे.

मांजराकाठ सर, नोंदणीचा अर्ज पण भरतोच. ते सोडलं नाही.

पेडगावला एखादी गाडी परत मागं फिरू शकते असं धरलं तर काय? इंजिन दुसऱ्या टोकाला लावून?

जिंतूर_रोड

अट बरोबर आहे. आता ती दोन्ही बाजूंनी सिद्ध करा: अशी साखळी असेल तर गाड्या अडकतात, आणि काही गाड्या कायमच्या अडकल्या असतील तर अशी साखळी असतेच. दुसरी बाजू लिहिताना सगळ्यात डावीकडचं अडकलेलं स्टेशन धरा, त्याच्या डावीकडे जायला वाट का नाही यावर विचार करा.

गाडी मागं फिरवू नका, निदान आत्ता. त्यानं दिशा हा गुणच नाहीसा होतो आणि तुमचं उपप्रमेय कोसळतं. वेगळा प्रश्न म्हणून वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा.

चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या प्राध्यापकांचा मॉडेल चेकिंगचा कोर्स एनपीटेल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर आहे, त्या मुलीलाही सांगा. वाचायला कॉनकरचे टेस्ट ऑफ टाइम (काळाच्या कसोटीला उतरल्याबद्दलचे) पुरस्कार मिळालेले पेपर घ्या, २०२० पासून देतात, जुन्यातले निवडक एका जागी मिळतात.

सिद्धता दोन पानांत लिहून इथेच टाका. व्याख्या आधी, चित्र नंतर. मी रविवारी बघते.