कोकणातलं घर पावसाळ्यासाठी बंद करायचंय, काय काय करता?

ठाण्याचा चाकरमानी
घर गुहागर तालुक्यात. जांभ्याचं, वर मंगलोरी कौलं. आई बारमाही तिथेच असायची, त्यामुळे घर बंद करणं हा प्रकारच आम्हाला माहीत नाही. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती आमच्याकडे ठाण्याला आली. २०२६ ला अधिक ज्येष्ठ, म्हणजे गणपती थेट १४ सप्टेंबरला. मेअखेर कुलूप लावलं की साडेतीन महिने घर मिटलेलं. खिडक्यांना बाहेरून प्लास्टिक मारावं, कौलांवर ताडपत्री ओढावी असं डोक्यात आहे. आणखी काय? आई एकच विचारतेय, देवांचं काय करणार. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही.

दापोलीचा जावई
दादा, प्लास्टिक आणि ताडपत्री दोन्ही विसरा. २०१९ ला मी हाच शहाणपणा केला होता. फटी बुजवल्या, झरोक्यांत गोणपाट कोंबलं. गणपतीला दार उघडलं तर वासच अंगावर आला. सासऱ्यांची पुस्तकं एकमेकांना चिकटून विटेसारखी झालेली, चपलांवर हिरवी लव. आणि गंमत म्हणजे छपरातून एक थेंब आत आला नव्हता! जांभा पाणी पितो, ती ओल आत कोंडली, बस्स. झरोके उघडे ठेवा, उंदरांसाठी बारीक जाळी मारा. झड येते त्या बाजूला ओटीला झापं बांधा, पण भिंतीला चिकटवून नको, हातभर लांब. ताडपत्रीचं म्हणाल तर पुढच्याच वर्षी ३ जूनला निसर्ग वादळ आलं. शेजाऱ्यांच्या ताडपत्रीचं शीड झालं आणि ती खालच्या रिपा घेऊन गेली.

कौलांसाठी सांगतो. भर दुपारी सगळी दारं-खिडक्या लावून अंधार करा आणि माजघरात उभे राहा. जिथून उन्हाचा कवडसा पडतो तिथे वाशावर खडूने खूण करा. मग कौलं परतणाऱ्याला तेवढंच दाखवायचं. आमच्याकडे अशा सात खुणा निघाल्या, पाच माकडांच्या कृपेने. घरावर झुकलेल्या माडाचे नारळ आणि सुक्या झावळ्या आधी उतरवा. एक नारळ, एक कौल, आणि सप्टेंबरपर्यंत खालचा वासा कुजलेला.

बाकी नेहमीचंच: मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर काढलेला, फ्रीज रिकामा करून दार उघडं, मध्ये लाकडाचा तुकडा.

गुहागरची माहेरवाशीण
कपाटं भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, वाळवी आधी पाठीमागून चढते. गाद्या पत्र्याच्या ट्रंकेत, डांबरगोळ्या घालून. डांबरगोळ्यांनी कसर लागत नाही, पण बुरशी थांबत नाही. त्यासाठी कपाटात पसरट भांड्यात कळीचा चुना ठेवते, अर्ध्यापर्यंतच, कारण ओल पिऊन तो फुगतो. गळतीखाली मात्र ठेवू नका, पाणी पडलं की उकळतो. न्हाणीच्या मोरीच्या तोंडावर वाळूची पिशवी. मी एकदा विसरले, तर बेडूक आधी आला आणि त्याच्या मागावर दुसरं कोणीतरी.

देव आजी तांदळात ठेवायची. पण ती आठ दिवसांत परतायची हो! साडेतीन महिन्यांत त्या तांदळाचे सोंडे होतील.

मालवणी माणूस
घराक धूर व्हयो. चूल पेटती होती तोवर आमच्या वाशांक कधी कीड नाय. वाडीतल्या कोणाकतरी चावी द्या, पैसे द्या. दर पंधरवड्यान दारां उघडून चुलीत दोन गवऱ्यो पेटवल्यान तरी पुरे. बाकीचा सगळा त्याच्यानंतर.

ठाण्याचा चाकरमानी
प्लास्टिक रद्द. आईला सगळं वाचून दाखवलं. सोंड्यांवर हसली आणि म्हणाली, देव माझ्याबरोबर येतील, पितळी डब्यातून, मांडीवर घेऊन. म्हणजे ते मिटलं. गवऱ्यांचं ऐकून मात्र गप्प झाली. मग म्हणाली, खालच्या वाडीतल्या वहिनींना विचार, पण फोनवर नको, जाऊन विचार. शनिवारी निघतोय. खडू घेतलाय.