हत्तरगीला 16,800 की शमशाबादला 10,000? पोरगं म्हणतंय विमानच पाहिजे

कडोलीकर

नमस्कार मंडळी. चार दिवस झाले घरात यावरून धुसफूस चाललीय. तुम्हीच सांगा काय ते.

धाकट्याचं बारावी सायन्स झालं, मग मेकॅनिकल डिप्लोमा. वय 21. हातात दोन पत्रं आहेत. एक आपल्या बेळगावजवळच्या हत्तरगीच्या बाजूला विमानाचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्याचं. सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनवर काम, हातात 16,800, काकतीपर्यंत बस येते, दुपारचं जेवण कँटीनमध्ये. दुसरं हैदराबादजवळ शमशाबादला विमानं दुरुस्त करतात त्या हँगरचं. दोन वर्षं शिकाऊ म्हणून, महिन्याला 10,000, राहायचं-खायचं आपलं आपण.

मी वहीत हिशोब मांडला. कारखान्यात गेला तर घरचं खाऊन महिन्याला 12,000 बाजूला पडतील, दोन वर्षांत 2,88,000. शमशाबादला खोली, मेस, येणं-जाणं धरून 12,500 लागतात, म्हणजे उलट मीच महिन्याला 2,500 पाठवायचे. दोन वर्षांचे 60,000. फरक झाला 3,48,000 चा. यंदा रताळ्याला काय दर मिळाला ते आपल्या भागातल्या माणसाला सांगायला नको. थोरलीच्या लग्नाचं सोसायटीचं कर्ज अजून फिटायचंय.

पोरगं म्हणायलंय, "हत्तरगीला विमानाचा तुकडा भेटतो, शमशाबादला आख्खं विमान." त्याची आई त्याच्या बाजूला. मी कारखान्याच्या. कोण चुकतंय?

उद्यमबाग 87

तुमचं काही चुकत नाही. पोराला बसमध्ये बसवा.

मी 1987 ला उद्यमबागेत फौंड्रीत लागलो. मेस्त्रीनं आठ महिने फेटलिंगशिवाय, म्हणजे ओतीव मालाच्या कडा घासून साफ करण्याशिवाय, कशाला हात लावू दिला नाही. विचारलं की म्हणायचा, "अनुभव घे." अनुभव हा शब्द मालक लोकांना फार आवडतो, कारण त्यावर पीएफ भरावा लागत नाही. आता मीच मालक आहे, म्हणून खात्रीनं सांगतो.

कायदाही बघून घ्या. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 चा. त्यात शिकाऊ म्हणजे प्रशिक्षणार्थी, कामगार नव्हे. कामगार कायदे त्याला जवळपास लागत नाहीत. मुदत संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असं बंधन मालकावर नाही. 2019 च्या नियमात डिप्लोमावाल्याला किमान 8,000 ठरले, हे 10,000 देतात, म्हणजे उपकार केल्यासारखे.

आणि "तुकडा" म्हणून हसू नका म्हणावं. पाच-ॲक्सिस, म्हणजे पाच दिशांनी फिरून कापणाऱ्या मशीनवर ॲल्युमिनियमचा अख्खा ठोकळा चढतो, त्यातला बराचसा चिप होऊन खाली पडतो आणि उरतो तो पार्ट 20 मायक्रॉनमध्ये बसावा लागतो. माणसाचा केस 70 मायक्रॉनच्या आसपास असतो वो. टूल बोथट व्हायला लागलं की आवाज बदलतो. माझा सेटर, म्हणजे मशीन लावून देणारा माणूस, चहा पीत पाठमोरा उभा असतो आणि कप खाली ठेवून मशीन थांबवतो. हे शिकलेलं पोरगं पुण्यात, बेंगळूरच्या पीण्या वसाहतीत, कुठंही उपाशी मरत नाही.

नाइट शिफ्ट (मूळ निपाणी)

काका, राग मानू नका, पण तुम्ही दोन वेगळ्या धंद्यांची तुलना करताय. मी बेंगळूरला पाच वर्षं हँगरमध्ये आहे, एटीआर या पंख्याच्या छोट्या प्रवासी विमानांवर.

कारखान्यात विमानाचा भाग *बनतो*. हँगरमध्ये विमान *दुरुस्त* होतं. "हे विमान उडायला सोडायला हरकत नाही" अशी सही करायची तर डीजीसीएचं, म्हणजे सरकारच्या विमान वाहतूक खात्याचं, एएमई (विमान देखभाल इंजिनियर) लायसन लागतं. आपल्या प्रवासी विमानांच्या इंजिन-सांगाड्यासाठी बी1.1 आणि इलेक्ट्रॉनिक्स-रेडिओवाल्यांसाठी बी2. परीक्षा मॉड्यूलवार, प्रत्येकात 75 टक्के. पण नुसत्या परीक्षेनं लायसन मिळत नाही. वापरातल्या, म्हणजे खरोखर उडणाऱ्या विमानावरचा अनुभव दाखवावा लागतो. संबंधित शिक्षण काहीच नसेल तर 5 वर्षं, कुशल कामगार म्हणून मान्य होणारं प्रशिक्षण असेल तर 3, मान्यताप्राप्त एएमई कॉलेजातून आलात तर 2. त्यातलं निदान एक वर्ष अलीकडचं पाहिजे. हत्तरगीच्या मशीनवर दहा वर्षं काढली तरी या रकान्यात शून्य.

म्हणजे पोराला काय व्हायचंय ते आधी विचारा. सीएनसीवाला व्हायचं असेल तर उद्यमबागकाका म्हणतात ते शंभर टक्के. सही करून विमान उडायला सोडायचं असेल तर ते 10,000 म्हणजे पगार नाही, ती घड्याळाची किल्ली आहे. अनुभवाचं घड्याळ त्या दिवशी सुरू होतं.

बारावी सायन्स केलंय हे मात्र फार बरं झालं. भौतिक, रसायन, गणित घेऊन बारावी न केलेली, दहावीनंतर नुसता आयटीआय केलेली पोरं इथं अडकून बसलेली बघितलीत.

खानापूर साइड

नाइट शिफ्टवाल्या दादानं घड्याळ सांगितलं, किल्ली कुणाच्या खिशात असते ते सांगितलं नाही.

मी दोन वर्षं एका हँगरमध्ये शिकाऊ होतो. गाव, नाव सांगत नाही. पहिले पाच महिने चाकं धुतली. मग पॅनेल उघडायची, पॅनेल बंद करायची. पॅनेलच्या आत जे काम चालतं तेव्हा मी टॉर्च धरून. लॉगबुकात रोजचं काम लिहायचं आणि ज्याच्या हाताखाली केलं त्या इंजिनियरनं सही करायची. आमचे साहेब म्हणायचे, "महिन्याचं एकदम करू." सात महिन्यांचं तुंबलं. मग त्यांची दिल्लीला बदली. नवीन आलेले म्हणाले, मी बघितलेलं नाही त्यावर मी सही कशी करू? त्यांचंही बरोबरच की. माझे सात महिने गेले. आणि उरलेल्यात काय लिहिलंय? "असिस्टेड इन क्लीनिंग."

आता नंदगडला मावशीच्या जावयाबरोबर बोअरवेलचे पंप दुरुस्त करतो. पैसे बरे मिळतात. वरनं गोव्याकडं विमान गेलं की मान मात्र वर होते.

शहापूरची वैनी

मला एक दिसलं, सगळे पुरुष पोराच्या करिअरचं बोलायलेत आणि महिन्याला 2,500 कुठनं येणार ते कुणी बोलत नाही. कडोलीकर, तुमच्या हिशोबात एक रकाना राहिलाय. आजारपण. माझा भाऊ असाच "शिकायला" पुण्याला गेला, तिसऱ्या महिन्यात डेंगू झाला, 40,000 गेले, ते आईच्या बांगड्यांतनं आले. अनुभव त्याचा, बांगड्या आईच्या.

जाऊ नको म्हणत नाही. पण आधी 50,000 बाजूला ठेवून मग पाठवा. नसतील तर एक वर्ष कारखाना, नंतर हँगर. 22 व्या वर्षी काय दारं बंद होतात?

नाइट शिफ्ट (मूळ निपाणी)

वैनी, दारं बंद होत नाहीत, पण 16,800 ची सवय लागलेला पोरगा परत 10,000 वर येत नाही. एकदा बाइकचा हप्ता सुरू झाला की संपलं. आमच्या गल्लीतच तीन आहेत.

खानापूरवाल्याचं खरं आहे, तसं होतं. पण टॉर्च धरण्याला हसू नये. एक रात्र सांगतो.

विमान दिवसभर उडतं, म्हणून मोठं काम रात्री. माझा चौथा महिना. इंजिनाच्या खालच्या अंगाला दोन बोल्ट लॉक वायरनं बांधायचे होते. 0.032 इंची तार, इंचाला सहा ते आठ पीळ, आणि तार अशी ओढलेली पाहिजे की बोल्ट सैल व्हायला लागला तर तिनं त्याला घट्ट होण्याच्या बाजूला खेचावं. मी पीळ अगदी देखणे काढले. सर आले, बोट फिरवलं, एक शब्द न बोलता कटरनं कापून टाकली. दिशा उलटी होती. सैल होणाऱ्या बोल्टला माझी तार मदत करणार होती.

खरी गंमत पुढं. कापताना तारेचं टोक उडालं. तांदळाच्या दाण्याएवढं. ते सापडल्याशिवाय काउलिंग, म्हणजे इंजिनावरचं झाकण, बंद करायचं नाही म्हणाले. पहाटे विमान जायचं होतं. पाऊण तास मी आणि अजून दोघं टॉर्च घेऊन पालथे. शेवटी माझ्याच बुटाच्या खाचेत अडकलेलं निघालं. कुणी ओरडलं नाही. सरांनी ते एका पुडीत बांधून मला दिलं. अजून पाकिटात आहे.

त्या रात्रीचा स्टायपेंड काढला तर 400 रुपयेसुद्धा नव्हता.

उद्यमबाग 87

गोष्ट छान. पण सरळ विचारतो. पाच वर्षांनी आज हातात किती पडतात?

नाइट शिफ्ट (मूळ निपाणी)

31,000. लायसन अजून नाही. दोन मॉड्यूल राहिलीत, त्यातलं एक मॉड्यूल दोनदा उडालंय.

उद्यमबाग 87

झालं की मग! माझा सेटर एवढेच घेतो, आणि रात्री घरी जाऊन आईच्या हातची भाकरी खातो.

नाइट शिफ्ट (मूळ निपाणी)

खरं आहे. आज बरोबरीत आहे. लायसन आणि विमानाचं टाइप रेटिंग, म्हणजे त्या ठराविक मॉडेलची परवानगी, आलं की बरोबरीत राहणार नाही. पण "आलं की" मध्ये किती वर्षं आहेत ते मी पोराला खोटं सांगणार नाही. माझ्या बॅचचे अकरा होते. लायसन झालेले चार. तिघं हे क्षेत्र सोडून गेले.

निवृत्त सार्जंट

सांबऱ्याच्या बाजूचा आहे, वीस वर्षं हवाई दलात टेक्निकल ट्रेडला होतो. आमच्या वेळी पगार की अनुभव असा प्रश्नच नव्हता, सरकार दोन्ही द्यायचं. सांबऱ्याच्या एअरमेन ट्रेनिंग स्कूलसमोरनं जाताना पोरं अजून विचारतात. आता अग्निवीर आहे, पहिल्या वर्षी 30,000, हातात 21,000, चार वर्षांनी चारातला एक कायम. पण भरतीचं वय 21 पर्यंतच, तुमच्या पोराची गाडी जवळजवळ सुटली.

आणि लष्करातला अनुभव नागरी लायसनला जसाच्या तसा चालत नाही. वर नागरी विमानावरचा अनुभव जोडावा लागतो. मला हे पेन्शन आल्यावर कळलं. म्हणून सांगतो, अनुभव किती वर्षांचा हे नंतर, कशावरचा आणि सही कुणाची हे आधी विचारायचं. कडोलीकर, हँगरला फोन लावा. तीन गोष्टी विचारा. लॉगबुकवर सही किती दिवसांनी होते? दोन वर्षांत एकाच विभागात ठेवणार की फिरवणार? बाँड आहे काय? फोनवर उत्तर देताना माणूस चाचरला की समजायचं.

अजून एक. "ट्रेनिंगची सोय करून देतो, एक लाख भरा" म्हणणारे एजंट हुबळीपर्यंत पसरलेत. शिकाऊनं पैसे घ्यायचे असतात, द्यायचे नसतात.

येळ्ळूर एक्स्प्रेस

सगळं खरं, पण पोरगं कडोलीच्या मराठी शाळेतलं. ती जाडजूड इंग्रजी मॅन्युअलं वाचणार कशी? परीक्षा पण इंग्रजीतच. आमच्या पोरांची निम्मी भीती तिथं आहे, पगार-बिगार नंतर.

नाइट शिफ्ट (मूळ निपाणी)

हा प्रश्न मला फार आवडला, कारण मीही निपाणीच्या मराठी शाळेतलाच. विमानाची मॅन्युअलं मुद्दाम सोप्या केलेल्या इंग्रजीत असतात. त्याचा एक ठरलेला नियमसंग्रह आहे. मोजके, साधारण नऊशे शब्द, त्यावर तांत्रिक नावं. एका शब्दाचा एकच अर्थ, वाक्यं आखूड. जगभरच्या मेकॅनिकांना इंग्रजी येत नाही हे त्यांना आपल्याआधी कळलंय. इंग्रजी पेपर वाचण्यापेक्षा टास्क कार्ड, म्हणजे कामाच्या पायऱ्या लिहिलेला कागद, वाचणं सोपं. अवघड जातात ते कायद्याचं मॉड्यूल आणि ह्युमन फॅक्टर्स, म्हणजे माणसाच्या हातनं चुका का होतात त्याचं, तिथं वाक्यं वळणावळणाची. माझं उडालं ते कायद्याचंच.

खानापूर साइड

ते पीळवालं टोक पाकिटात ठेवलंय म्हणालास ते वाचून गप्प बसलो थोडा वेळ. माझ्याकडं असं काही नाही. माझ्या हातून तार कापायची वेळच आली नाही. तुला सर चांगले भेटले, मला नाही भेटले. कडोलीकरांच्या पोराला कुठले भेटणार ते पत्रावर लिहिलेलं नसतं.

कडोलीकर

सगळ्यांचं वाचलं. रात्री त्याच्या आईला पण वाचून दाखवलं. वैनींच्या बांगड्यांपाशी ती उठून आत गेली.

सार्जंटसाहेबांनी सांगितलं तसा सकाळी फोन लावला. पोराला नाही, मीच बोललो, मोडक्या हिंदीत. सही दर आठवड्याला होते म्हणाले, न चाचरता. चार-चार महिन्यांनी विभाग बदलतात. बाँडचं विचारल्यावर मात्र "वो बाद में बताएंगे" म्हणाले. मी म्हटलं, बाद में म्हणजे कधी? तर फोन दुसऱ्याकडं दिला. दुसऱ्यानं सांगितलं, कायम केलं तर तीन वर्षांचा बाँड, शिकाऊ असताना नाही. ते लेखी द्या म्हटलंय. मेल अजून यायचाय.

कारखान्याला पंधरा दिवस मागितले. आठ देतो म्हणाले.

उद्यमबागकाका, रविवारी पोराला घेऊन तुमच्याकडं येऊ काय? मशीनचा आवाज बदलतो म्हणालात, तो त्याला एकदा ऐकू दे. त्यानं स्वतः ऐकून नाही म्हणू दे. हैदराबादच्या बसचं तिकीट मात्र काढून ठेवलंय, पुढच्या मंगळवारचं. रद्द होतंय, विचारून घेतलं.

उद्यमबाग 87

या की. अकराला या, तेव्हा पाच-ॲक्सिस चालू असतंय. आणि पोराला जेवून आणा, आमच्यात कँटीन नाही.